बाळं मोजणाऱ्या बाई

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या चामराजपेटच्या घरात डब्यांची झाकणं जमतात ना, तसे ते जमतात. डबा कधीच कुठे तरी गेलेला असतो, झाकण मात्र दर आवराआवरीला हाताला लागतं. वत्सलाबाईंच्या हाताखाली मी जी वर्षं काढली, त्यातलं शास्त्र मी बरंचसं विसरले. झाकणं तेवढी राहिली आहेत. तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका.

आधीच सांगून ठेवते, मी स्वभावानं संशयी. दूधवाला नेहमीपेक्षा स्वल्प जास्त हसला तरी मी पातेल्यात पुन्हा डोकावते. आई म्हणायची, "कमळे, तुला उद्या देव भेटला तरी तू त्याला ओळखपत्र मागशील." पण बंगळूरभर बाळांच्या मागे हिंडले तेव्हा कळलं, की आपण या विषयात अगदीच कच्चे लिंबू. त्या कामात भेटलेला प्रत्येक माणूस माझ्या वरचढ निघाला.

वत्सलाबाई मानसशास्त्रातल्या डॉक्टर. सुई टोचणाऱ्या नव्हेत. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. परदेशात शिकून आलेली मराठी बाई, लग्न न केलेली, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगावर नऊवार नाही की झगा नाही, साधी पाचवारी. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत त्यांना एक खोली, एक टेबल आणि एक मदतनीस मिळणार होती. मदतनिसाच्या मुलाखतीला मी गेले.

"मुलं आवडतात का?" बाईंनी विचारलं.

मी मनात म्हटलं, हा सापळा आहे. हो म्हणावं तर म्हणतील, ही उद्या लग्न करून जाईल. नाही म्हणावं तर नोकरी जाईल. शेवटी खरं तेच सांगितलं. "फारशी नाही."

"छान. उद्यापासून ये," बाई म्हणाल्या. "ज्यांना फार आवडतात त्या बायका, बाळानं न केलेलंसुद्धा केलं म्हणून लिहितात."

*

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं लागायचं नाही. बाईंच्या कापडी पिशवीत एक घंटी, दोरीला बांधलेली लाल कडी, थोडे लाकडी ठोकळे, हातआरसा, दोन पितळी पेले आणि एक लाकडी पोपट. ही पिशवी घेऊन आम्ही घरोघर जायचो. पाठीमागे घंटी वाजली की बाळ मान वळवतं का? ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का? त्याच्या डोळ्यांदेखत पोपट पेल्याखाली झाकला, तर पेला उचलून शोधतं का? कुठलं बाळ कितव्या महिन्यात काय करतं, ते लिहायचं. अशी शेकडो बाळं बघितली की आपल्याकडच्या बाळांचा एक तक्ता होतो. तोवर सगळे जो तक्ता वापरत, तो परदेशातल्या बाळांवरून केलेला होता. गालिच्यावर रांगणाऱ्या बाळांचा. आमची बाळं आईच्या कडेवर नाहीतर साडीच्या झोळीत.

आणि या सगळ्याला घाई होती ती पुट्टीमुळे. पुट्टी म्हणजे कानडीत छोटी. गावातल्या एका अनाथाश्रमात असायची. तिथले व्यवस्थापक, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत, माणूस वाईट नव्हता. पण दत्तक घ्यायला आलेलं जोडपं उद्या परत येऊन "आम्हाला फसवलंत" म्हणेल, या भीतीनं त्यांची झोप उडालेली. म्हणून ते पुस्तकातला परदेशी तक्ता समोर ठेवून स्वतःच बाळांची परीक्षा घेत. मागे पडेल त्या बाळाच्या पाळण्याला लाल फीत. जोडपं आलं की आश्रमातली आया त्यांना लाल फितीच्या पाळण्यावरून भरभर पुढे न्यायची.

पुट्टीच्या पाळण्याला फीत होती. दहा-अकरा महिन्यांची पोर, दोन्ही मुठी मांडीत घेऊन नुसती बसलेली असायची. बाईंनी तिच्यासमोर तासभर बसून तिला बघितलं आणि रावसाहेबांना म्हणाल्या, "ही मंद नाही."

"कशावरून? तुमच्याकडे तक्ता आहे?"

"अजून नाही."

"मग आणा. तक्ता दाखवा, फीत सोडतो."

दीड वर्षाच्या वरचं मूल तेव्हा सहसा कुणी घ्यायचं नाही. म्हणजे एकीकडे आमचा तक्ता आणि दुसरीकडे पुट्टीचं वय अशी शर्यत लागली. तक्ता घरोघर अडत होता आणि पुट्टीचं वय कुठेच अडत नव्हतं.

*

पहिलंच घर आमच्या पेटेतलं. मुद्दाम ओळखीचं निवडलं होतं. सून बाळाला घेऊन पुढे आली, तेवढ्यात सासू दारातून म्हणाली, "थांब. या कशाला आल्यात?"

मी सांगितलं, बाळाचं मोजमाप करायला.

"मग नको. मोजलं की वाढ खुंटते."

बाईंनी फार गोड आवाजात समजावलं, की आम्ही उंची मोजत नाही, वजन करत नाही, डोक्याला फीतसुद्धा लावत नाही.

"मग काय मोजता?"

"त्याची समज मोजतो. अक्कल म्हणा ना."

सासूनं बाळ सुनेच्या कडेवरून काढून स्वतःच्या पदराखाली घेतलं. "उंची खुंटली तर चालेल एकवेळ. अक्कल खुंटली तर त्याला पोरगी कोण देईल?"

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "कमळ, हा मुद्दा मला परदेशात कुणी विचारला नव्हता." आणि खरंच विचारात पडल्या होत्या. मला मात्र पुट्टीची काळजी वाटायला लागली, कारण ओळखीच्या घरात ही गत, तर पुढे काय.

*

आरशाचं तर काही विचारू नका. दात यायच्या आधी बाळाला आरसा दाखवायचा नाही, हे मराठी घरात, कानडी घरात, शिवाजीनगरच्या तमिळ घरातसुद्धा एकमतानं मान्य. बाकी कशावर या लोकांचं एकमत झालेलं मी पाहिलं नाही. आणि बाईंच्या यादीत आरसा होताच. बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसतं का, हात लावतं का, हे बघायचं असायचं. पिशवीतून आरशाची कड जरी दिसली तरी आया बाळाचे डोळे झाकायच्या.

शिवाजीनगरला एक म्हातारे शिंपी होते, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. घरात पहिला पणतू. बायकांनी आरशाला साफ नकार दिला. आजोबा मशीनवरून उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण इकडे. मी बघतो आधी. मला काही झालं तर फारसं नुकसान नाही."

ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि आरशात स्वतःलाच बघू लागले. मिशी बघितली, कान बघितले, एक पांढरा केस उपटला. बराच वेळ झाला. पणतू सरकत सरकत आला, आजोबांच्या पाठीला धरून उभा राहिला, खांद्यावरून आरशात डोकावला आणि खिदळला. नुसता खिदळला नाही, आरशावर हात आपटला.

बायका ओरडल्या. आजोबांनी आरसा शांतपणे बाईंच्या हातात दिला. "मी दाखवला नाही. त्यानं बघितला. लिहून घ्या आणि पिशवी आवरा."

त्यानंतर बाईंनी पद्धतच पाडली. आरसा कुणाला दाखवायचा नाही, घरातल्या म्हाताऱ्याला द्यायचा. म्हातारे खूष आणि बाळंही. या युक्तीमुळे शिवाजीनगरची बरीच घरं पदरात पडली.

*

म्हणून वाटलं, आता गाडी रुळावर आली. तर आमच्याच पेटेतल्या एका गल्लीनं आम्हाला गुंडाळलं.

गल्लीतल्या बायका अचानक राजी झाल्या. "या, या. बाळ तयार आहे." मला तिथेच शंका यायला हवी होती. पहिल्या घरी सुरेश नावाचं बाळ. बारीक, सावळं, गालावर काजळाची तीट. पेला उचलायला जरा वेळ लावला त्यानं, पण उचलला. दुसऱ्या घरी गोविंद. त्यानं पेला लगेच उचलला. तिसऱ्या घरी दत्तू. बाईंनी पिशवीत हात घातला आणि दत्तू पोपटासाठी हात पुढे करून बसला.

"काय हुशार गल्ली आहे गं," बाई मला हळूच म्हणाल्या. डोळे चमकत होते. मी दत्तूकडे बघत होते. गालावरच्या तिटेचा एक कोपरा पुसला गेला होता, सुरेशच्या तिटेसारखाच.

चौथ्या घरी बाळ झोपलेलं. "आमचा नरसू जरा लाजाळू आहे," त्याची आई म्हणाली. एवढ्यात दारात एक बाई धापा टाकत आली. "अक्का, माझा मंजू सध्या कुणाच्या घरी आहे? त्याची दुधाची वेळ झाली."

सगळं उघड झालं. आपलं गुटगुटीत बाळ परक्या बाईच्या नजरेला कोण घालणार? दृष्ट लागली म्हणजे? म्हणून गल्लीनं मिळून ठरवलं होतं, की आपापली बाळं आतल्या खोलीत ठेवायची आणि दृष्ट लागण्यासारखं ज्यात काही नाही असा मंजू सगळ्यांनी वापरायचा. मंजूच्या आईनंच तो दिला होता. "चार लोकांच्या उपयोगी पडला तर पडू दे," म्हणाली बिचारी.

मला इतका राग आला, की मी गल्लीत उभी राहून कानडी आणि मराठी दोन्हींत बोलून घेतलं. एक अख्खा दिवस वाया, सगळी पानं फाडायची, आणि तिकडे ती पोर मुठी आवळून बसलेली. बाईंनी मला थांबवलं. त्या मंजूकडे बघत होत्या.

"चार आयांकडे फिरला आणि एकदाही रडला नाही," त्या म्हणाल्या. "हे मी कुठल्या रकान्यात घालू सांग."

*

पेटेचा नाद सोडून आम्ही कारखान्याच्या कॉलनीत गेलो. तिथे पुण्यामुंबईहून आलेले इंजिनियर. शिकलेली माणसं, दृष्टबिष्ट काही नाही. म्हटलं, सुटलो.

एका घरी नवरा मुद्दाम रजा घेऊन थांबला होता. बाईंनी ठोकळे मांडले. बाळानं ते बघितले आणि असा काही टाहो फोडला, की शेजारीण धावत आली. बायको कानात पुटपुटली, "महिनाभर रोज संध्याकाळी ठोकळ्यांचा अभ्यास घेतायत हो त्याचा. कारखान्यात खास सेट बनवून घेतलाय."

नवऱ्याचं लक्ष आमच्या ठोकळ्यांवर होतं. "घरी पाच रचतो," तो म्हणाला. "चूक त्याची नाही. तुमचे ठोकळे एकसारखे नाहीत."

बाई म्हणाल्या, नसतील. तो आत गेला आणि व्हर्नियर, ते कारखान्यातलं बारीक माप घ्यायचं अवजार, घेऊन आला. एकेक ठोकळा मापला, खिडकीशी नेऊन बघितला, पुन्हा मापला. मग गंभीर चेहऱ्यानं येऊन म्हणाला, "मॅडम, या मालावर माझ्या मुलाची परीक्षा मी होऊ देणार नाही."

बाईंनी मान्य केलं. त्याला ठोकळे नवे करून द्यायला सांगितले, आणि त्यानं दिलेही, अगदी चोख सागवानी. या बोलण्यात आमचं तिघांचंही बाळाकडे लक्ष नव्हतं. रडणं थांबवून त्यानं आमचे वाकडेतिकडे ठोकळे एकावर एक रचले होते आणि वर बापाचा व्हर्नियर ठेवायचा प्रयत्न चालला होता. बाईंनी ठोकळ्यांचं लिहून घेतलं. व्हर्नियरचं नाही लिहिलं.

*

पोलिसात जायचं बाकी होतं, तेही झालं. शिवाजीनगरच्या बस स्टँडवर कुणीतरी बोट दाखवलं. "ह्याच त्या. बाळं बघत फिरतात." मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई त्या दिवसांत होती. शिपायानं पिशवी उघडायला लावली. घंटी निघाली, लाल कडी निघाली, पोपट निघाला. भोवती हा घोळका.

"तुमची मुलं कुठे आहेत?" शिपायानं कानडीत विचारलं.

बाई म्हणाल्या, "मला नाहीत." तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "मलाही नाहीत. मला मुलं फारशी आवडतही नाहीत."

नोकरी मिळवून देणारं उत्तर बस स्टँडवर चालत नाही, हे मला तेव्हा समजलं. शिपाई घोळक्याला म्हणाला, "मुलं नाहीत, मुलं आवडत नाहीत आणि पिशवीभर खेळणी. चला चौकीवर."

बाई इंग्रजीत काहीतरी सांगायला लागल्या, त्यानं तर संशय वाढलाच. इतक्यात गर्दीतून एक भाजीवाली पुढे आली. तिच्या पोराला आम्ही दोनदा बघितलं होतं. एकदा बसेना म्हणून, आणि पुन्हा महिन्यानं.

"सोडा हो यांना," ती शिपायाला म्हणाली. "पोरं पळवणाऱ्या असत्या तर माझं कार्टं त्यांच्याकडे दोन तास होतं. दोन्ही वेळा परत दिलं."

"कशावरून ते तुझंच परत दिलं?" शिपाई म्हणाला.

भाजीवालीनं पोराला टोपलीतून काढून शिपायाच्या हातात दिलं. पोरानं शिपायाची टोपी ओढली, शिट्टीची दोरी ओढली आणि मग त्याचा गणवेश ओला केला. शिपायानं पोर परत दिलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

*

तक्ता झाला. पुरा नाही, पण पुट्टीच्या वयाचा भाग झाला. बाईंनी स्वतःच्या हातानं तो सुवाच्य अक्षरात लिहिला आणि आम्ही रावसाहेबांपुढे ठेवला. आमची बाळं काही गोष्टी परदेशी बाळांच्या आधी करतात, काही नंतर. ज्या गोष्टींवरून पुस्तकातल्या तक्त्यानं पुट्टीला मागे ढकललं होतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे त्या वयाला कुणीच करत नाही, हे त्यात स्पष्ट होतं.

रावसाहेबांनी कागद उलटसुलट बघितला. "बाई, मूल पट्टीला पुरत नाही म्हणून तुम्ही पट्टीच तोकडी केलीत. हा तक्ता खरा कशावरून?"

"तो परदेशी तक्ता खरा कशावरून?" बाईंनी विचारलं.

"तो छापलेला आहे."

बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उतरलेला पाहिला. इतक्या घरांचे उंबरे झिजवले, पोलीस झाले, मंजू झाला, आणि आता हे. पण मला रावसाहेब कळत होते, कारण मीही तशीच. मी तक्ता उचलला आणि आमच्या गल्लीतल्या छापखान्यात नेला. तो छापखाना लग्नपत्रिकांचा. मालकाकडे छपाईचे दुसरे ठोकळेच नव्हते. त्यामुळे तक्त्याच्या वर गणपती आला, चारी बाजूंनी आंब्याच्या पानांची वेलबुट्टी आली आणि शाई पडली कुंकवाच्या रंगाची.

मला वाटलं, रावसाहेब तो तोंडावर फेकतील. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, वरच्या गणपतीला नकळत हात जोडले आणि म्हणाले, "आता कसं." तक्ता भिंतीवर लागला. त्याच दुपारी त्यांनी स्वतः पुट्टीची फीत सोडली.

पण माणसाचा स्वभाव कसा सुटेल? तक्त्यात एक गोष्ट अशी होती, की जी पुट्टीच्या वयाला आपल्याकडचीही बहुतेक बाळं करत आणि ती करत नव्हती. झाकलेली वस्तू शोधणं. पोपट पेल्याखाली गेला की पुट्टीच्या लेखी तो संपला. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत; त्यांनी ते तसंच लिहिलं. रावसाहेबांनी पाळण्याजवळ पाटी लावली, 'शंका'. फितीवरून आया जोडप्यांना भरभर न्यायची. पाटीपाशी ती जोडपी स्वतःच भरभर पुढे जायला लागली.

मग बाई दर शनिवारी आश्रमात जाऊन पुट्टीसमोर बसायला लागल्या. पोपट आणि पेले घरी ठेवून जात. स्वतःच्या पदराचं टोक, एखादी किल्ली, एखादं पान तिच्या हातात देत. काही वेळानं ते मागून घेत, आणि परत देत. घेत, आणि परत देत. तासभर एवढंच. मला हे पटेना. मी म्हटलं, "बाई, शिकवून परीक्षा घ्यायची ही कुठली पद्धत? उद्या रावसाहेब विचारतील."

"मी तिला काही शिकवत नाही," त्या म्हणाल्या. "इथे तिच्या हातातून जे गेलं ते आजवर कधी परत आलेलं नाही. माझ्याकडून गेलेलं परत येतं, एवढंच तिनं बघावं."

 घरी येऊन का कोण जाणे, रडले.

*

आता शेवटचं सांगते, आणि मग चहा टाकते.

पुट्टीला दीड वर्ष व्हायला थोडेच दिवस राहिले असताना रघुनाथराव आणि सुशीला आले. धारवाडकडची मंडळी, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. रघुनाथराव इथल्या कारखान्यात फोरमन. लग्नाला बरीच वर्षं झालेली. सुशीलेला मूल हवं होतं, हे तिच्याकडे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. पण शब्द चालायचा तो रघुनाथरावांच्या आईचा. त्यांना सगळे अव्वा म्हणत. आधी दोनदा येऊन अव्वांनी बाळं नाकारली होती. एक फार हसतं म्हणून. "सगळ्यांकडे बघून हसतंय. हे उद्या कुणाच्याही मागनं जाईल." दुसरं फार पटकन कडेवर आलं म्हणून.

अशी बाई मी जन्मात पाहिली नाही. संशयाची शाळा काढली असती तर मी तिच्यात नाव घातलं असतं. आश्रमात आल्या आल्या त्यांनी खुर्ची हलवून बघितली आणि मगच बसल्या. आयानं पाणी आणलं, ते आधी मुलाला प्यायला लावलं. भिंतीवरचा तक्ता बघून म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे?"

पुट्टीच्या पाळण्यापाशी त्या थांबल्या. 'शंका' वाचली. "कुणाला शंका आहे?"

रावसाहेब म्हणाले, "तक्त्याला आहे. मूल झाकलेली वस्तू शोधत नाही. मी आधी सांगून ठेवलं, मागाहून बोल नको."

"मग दाखवा आमच्यासमोर," अव्वा म्हणाल्या. "आणि सामान आधी मी बघणार."

 सुशीला पाळण्याच्या दांडीला धरून उभी होती.

अव्वांनी पोपट पदराच्या ओल्या टोकानं घासला, रंग जातो का बघायला. पेले उलटे करून बोटानं वाजवले. बाईंच्या दोन्ही हातांकडे बघितलं. "सरी, ठीक आहे. करा सुरू."

चटई टाकली. पुट्टीला बसवलं. मुठी मांडीत. बाईंनी पोपट तिला दाखवला आणि तिच्या देखत डावीकडच्या पेल्याखाली ठेवला. उजवीकडे दुसरा पेला, रिकामा. मग हात मागे घेतले. नियम असा, की बोट दाखवायचं नाही, बोलायचं नाही, मान हलवायची नाही. नुसतं थांबायचं.

पुट्टी बसून राहिली. रावसाहेब खाकरले. रघुनाथराव छताकडे बघत होते. मला मुलं फारशी आवडत नाहीत हे मी तुम्हाला सांगितलंच आहे, पण मी पदर तोंडात धरला. उचल गं बये. एवढं एकदा उचल. यांच्यानंतर तुझ्यासाठी कुणी यायचं नाही.

एक मूठ उघडली. पुट्टी पुढे झुकली आणि तिनं डावा पेला उचलला. खाली पोपट.

सुशीलेनं पाळण्याची दांडी सोडली. रावसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण नियम म्हणून त्या हलल्या नाहीत.

पुट्टीनं मात्र पोपटाला हातसुद्धा लावला नाही. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि उजवा पेला उचलला. खाली काही नव्हतं. पेला उलटा करून आत बघितलं. मग ती सरकत बाईंपाशी गेली, त्यांची मूठ धरली आणि एकेक बोट उघडून आत काही ठेवलंय का बघितलं. दुसरा हातही तसाच बघितला. मागे आली, पोपट उचलला, स्वतःच्या मांडीखाली सरकवला आणि त्यावर बसली. बसल्यावर आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघून घेतलं.

 अव्वा खुर्चीवरून उठल्या, गुडघे धरत चटईवर तिच्यासमोर बसल्या आणि बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"रघू," अव्वा म्हणाल्या, "जटका बोलाव, घरी जाऊ."

"अव्वा, अजून कागदपत्रं व्हायची आहेत."

"ती होतील मागनं. ही आपल्याच घरातली आहे. इथं कशी आली, तेवढी चौकशी कर."